सातव्या मजल्याचे दार

३ जून

ती. आत्यास,
सा. न.

एक कोडं घालतो. लहानपणी व्हिडिओ गेम खेळलेल्या प्रत्येकाला ते कधीतरी पडतंच. जो खेळ आपण दहाव्या वर्षी जेवायची हाक येईपर्यंत जिंकून मोकळे व्हायचो, तोच आज पुन्हा लावला की पाचव्या मिनिटाला आपण हरतो. दहाव्या मिनिटाला चिडतो. पंधराव्या मिनिटाला म्हणतो, छे, जुने खेळ दुष्टच होते. मग तेव्हा जिंकायचो कसे? तेव्हा आपण हुशार होतो आणि आता मठ्ठ झालो, की जिंकायचो ही आठवणच खोटी?

मला हे कोडं पगारी पडलंय. आमची कंपनी जुने खेळ आजच्या यंत्रांवर चालतील असे करून पुन्हा विकते. चाळीस खेळांचा संच निघणार आहे. प्रत्येक खेळ खेळायचा, आजच्या माणसाला तो किती अवघड जाईल त्याचे दहापैकी गुण द्यायचे, आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं: 'तसाच ठेवा', 'सोपा करा' किंवा 'वगळा'. एकतीस झाले. मी रोज आठ तास हरतो, आत्या. संध्याकाळी घराचा जिना चढताना वाटतं, आता वरून काहीतरी अंगावर पडणार.

बत्तिसावा खेळ तुझा आहे. तू चौतीस वर्षांपूर्वी केलेला 'दहा मजले'. लिफ्ट चालवायची, घंटा वाजली की अर्ध्या सेकंदाने दार उघडतं, ते उघडं असताना बटण दाबून प्रवासी उतरवायचा. आधी दाबलं किंवा उशिरा दाबलं की एक संधी गेली. एका मजल्यावर बारा प्रवासी, संधी तीन. सहाव्यापर्यंत पोचलो. सातव्यावर साठ वेळा मेलो.

शनिवारी यंत्र घरी आणलं होतं. बाबा मागे बसून मनगटाचे व्यायाम करत होते. प्लास्टर निघालंय. फिजिओथेरपिस्ट बाईंनी रबरी बॉल दाबायला सांगितलाय आणि एका वाटीतली शर्टाची बटणं एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायची आहेत. चाळीस वर्षं घड्याळांच्या पोटात चिमटे घातलेला माणूस साध्या बटणाशी झटापट करतोय, ते बघवत नाही. माझा एकसष्टावा मृत्यू बघून म्हणाले, "कशाला जीव काढतोस? आपलं घराणंच सहा मजल्यांचं."

फोनच केला असता, पण फोनवर माणूस विचार न करता हो म्हणतो असं तुझं मत. म्हणून हे पत्र. कोड्याचं उत्तर दे.

तुझा भाचा


९ जून

चि. परीक्षक महाशयांस,
अनेक आशीर्वाद.

कोडे उत्तम आहे, पण तू सुचवलेली दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. तू मठ्ठ झालेला नाहीस आणि तुझी आठवणही खोटी नाही. बदलली आहे ती मोजपट्टी. सावकाश सांगते, चहा घेऊन बस.

आमच्या यंत्राची स्मृती किती होती, याची कल्पना कर. तू मला फोनवर दादाच्या प्लास्टरचा फोटो पाठवलास ना? त्या एका फोटोच्या जागेत आमचा अख्खा खेळ पन्नास वेळा मावला असता. एवढ्याशा जागेत बसतो तासाभराचा मजकूर. घेणाऱ्याला मात्र तो वर्षभर पुरला पाहिजे, कारण पुढचा खेळ त्याच्या घरात पुढच्या वर्षीच येणार. मग तासाचे वर्ष कसे करायचे? पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावून. आज तुला हरणे हा खेळाचा दोष वाटतो. तेव्हा हरणे हीच खेळाची लांबी होती.

शिवाय तू एकटा खेळतोस! आमच्या काळी एकाच्या हातात बटण असे आणि मागे तीन जण ओरडत असत: "आता दाब! अरे, आता!" चौघांच्या चुका एकाच्या उपयोगी पडत. खोक्यात पुस्तिका असे. तुझ्या संचात ती आहे का? आमच्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर घंटेची सगळी युक्ती समजावलेली होती. पुस्तिका न वाचता आमचा खेळ अन्यायी ठरवणे म्हणजे प्रश्नपत्रिकेचे अर्धे पान फाडून पेपर अवघड होता म्हणणे.

आता माझा लाडका मुद्दा. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र येताक्षणी पडद्यावर उमटत असे. तुझा चपटा टीव्ही आधी चित्र घेतो, ते साफसूफ करतो, रंग सुधारतो, आणि मग तुला दाखवतो. या सगळ्या नटण्यात कधीकधी सेकंदाचा दहावा भाग जातो. म्हणजे दार तुला दिसते त्याच्या आधीच ते उघडलेले असते! तू आमच्या खेळाशी खेळत नाहीस, त्याच्या उशिरा पोचलेल्या बातमीशी खेळतोस. आणि हरल्याचा ठपका बिचाऱ्या खेळावर.

म्हणून जुन्या खेळाला आजचे गुण देताना दहादा विचार करावा. पायी चालणाऱ्याचा प्रवास गाडीच्या तासांनी मोजला, तर तो आळशीच ठरणार.

सातव्या मजल्याविषयी इतकेच सांगते, त्याला हात लावू नका. रकान्यात 'तसाच ठेवा' असे लिही. आणि दादाला सांग, व्यायाम चुकवायचा नाही.

तुझी आत्या


१७ जून

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. टीव्हीचा मुद्दा तर सगळ्यांना इतका पटला की आम्ही त्याच दिवशी जुना काचेचा टीव्ही मिळवला. उचलायला तीन माणसं लागली. त्यावर अकरा खेळ पुन्हा खेळलो आणि सात खेळांचे गुण बदलले. 'दहा मजले'चे पहिले सहा मजलेसुद्धा एकदम गोड वाटायला लागले. घंटा, श्वास, बटण. तालात येतं सगळं. शप्पथ, सुंदर केलंयस.

सातवा मात्र तिथेही तसाच. मग मी तो हळू करून मोजला. पडद्यावरचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा बदलतं. सहाव्या मजल्यावर दार तीस चित्रं उघडं राहतं. सातव्यावर चार. चार, आत्या! माणसाने बघून बोट हलवायचं म्हटलं तरी दहा-बारा चित्रं जातात. घंटाही नाही, आणि दार कधी उघडेल त्याचा नेम नाही. घंटा का काढलीस, ते लिहायचं तू विसरलीस.

मी तुझे सगळे मुद्दे मांडून 'तसाच ठेवा' असं सुचवलं. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "आत्याबाईंचं म्हणणं एकदम मान्य. पण चार म्हणजे चारच. घंटा घाला, दार तीस करा. लोकांना दहावा मजला बघू दे की." तेव्हा अभिनंदन! १० जुलैला सातवा मजला सोपा होणार. चौतीस वर्षांनी कोणीतरी वर पोचणार.

बाबांना सांगितलं तर हसले, पण उगाच. त्यांचं ठीक नाही. सहा बटणं उचलतात, सातवं बोटांतून सुटलं की वाटी सरकवून देतात. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "काका, रोज एक वाढवायचं." तर हे म्हणाले, "बाई, माझं मोजमाप माझ्या बहिणीच्या यंत्राने फार पूर्वी केलंय." बाईंना विनोद कळला नाही. जाताना त्या मला जिन्यात म्हणाल्या, अजून महिनाभर असंच चाललं तर मनगट कायमचं आखडेल.

मी दिवसा खेळांना गुण देतो आणि संध्याकाळी बटणं मोजतो. दोन्हीकडे निकाल एकच.

तुझा भाचा


२१ जून

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

मी विचार बदलला आहे. 'दहा मजले' संचातून काढून टाका. रकान्यात 'वगळा' असे लिही. जुन्या वस्तूंना त्यांच्या जागी राहू द्यावे, त्यांची डागडुजी करून त्या बाजारात मांडू नयेत. विभागप्रमुख बाईंना सांग, खेळ करणारीचीच तशी इच्छा आहे.

कारण विचारू नकोस. दमले आहे.

आत्या


२ जुलै

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

अकरा दिवस झाले, तुझे उत्तर नाही. तू रागावला असशील. खेळाच्या बाजूने चार पाने लिहिणारी बाई पुढच्याच पत्रात तो फेकून द्या म्हणते, यात काही संगती नाही, हे मलाही दिसते. संगती लावून देते.

आठवा मजला नाही. नववा नाही, दहावाही नाही.

आम्ही चौघे होतो, एका शिलाई दुकानाच्या माळ्यावर, दोन खोल्यांत. मालकाने नाव आधी ठरवले, खोकी आधी छापली. 'दहा मजले', वर दहा उजळलेल्या खिडक्यांचे चित्र. मी सहा मजले मन लावून केले. प्रत्येक प्रवाशाची चाल वेगळी, टोपी वेगळी. सहाव्यावर येईतो यंत्राची स्मृती भरली. सातवा कसाबसा बसला, तोही घंटेविना, कारण या मजल्याला घंटा जोडायलाही जागा उरली नव्हती. खेळाच्या कॅसेट दुकानांत जायला नऊ दिवस होते. मी मालकाला म्हटले, नाव बदलू, चिठ्ठी चिकटवू. तो म्हणाला, "सातव्यावर कुलूप लाव. वर कोण जातंय बघायला?"

सांगितले त्याने, पण बोट माझे होते. मी तिसाच्या जागी चार लिहिले.

मग पत्रे येऊ लागली. वर्षभर येत होती. एका परिचारिकेने लिहिले होते की ती रोज ड्यूटीवरून आल्यावर अर्धा तास सातवा मजला खेळते. एका वडिलांनी विचारले होते, मुलीचा वेग कमी पडतोय का? मी प्रत्येकाला उत्तर दिले. प्रत्येकाला तेच लिहिले: सराव वाढवा, नक्की जमेल.

आणि दादा. तो खेळ सगळ्यांत आधी त्यानेच विकत घेतला. मी फुकट देत होते, तर म्हणाला, "बहिणीची पहिली वस्तू फुकट कशी घेऊ?" दुकान बंद करून आला की बसायचा. आठ महिने. ज्या बोटांनी तो तांदळाच्या दाण्याएवढी चाके जागेवर बसवायचा, ती बोटे मंद आहेत, असे त्याला माझ्या दाराने आठ महिने रोज सांगितले. त्यानंतर त्याने बायकांची बारीक घड्याळे घेणे बंद केले. "हात मंद आहे माझा, धाकटीच्या यंत्राने सांगितलं," असे गिऱ्हाईकांना हसत सांगायचा. मी एकदा दुकानात उभी असताना ते ऐकले. मीही हसले.

तुला ९ जूनला जे लिहिले, त्यातले अक्षर न् अक्षर खरे आहे. स्मृती कमी होती, पुस्तिका होती, टीव्ही वेगळे होते. जुन्या खेळांना आजच्या मापाने मोजू नये, हेही खरेच. पण मी ते खऱ्यासाठी लिहिले नव्हते. ते सगळे मी दारासमोर नीट रचून ठेवले, म्हणजे तू दार उघडणार नाहीस.

१० तारखेला तुम्ही ते उघडाल, तेव्हा वर काय दिसेल ते मला ठाऊक नाही. मीही कधी पाहिलेले नाही.

आत्या


६ जुलै

ती. आत्यास,

निळा पडदा दिसतो.

तुझं 'वगळा' आलं त्याच दिवशी मी दार तीस करून बघितलं. तू कारण विचारू नकोस म्हणालीस, म्हणजे कारण आहे, इतकं तर मला कळतं. बारावा प्रवासी उतरला, लिफ्ट वर निघाली. मी खुर्चीत पुढे सरकलो. पडदा निळा झाला आणि यंत्र बंद पडलं. आधी वाटलं, माझंच काही चुकलं. तेच चारदा केलं. मग खेळाची फाइल उघडली. सातव्या मजल्यानंतर नुसती शून्यं आहेत.

म्हणजे मला दोन आठवडे माहीत होतं. तुला लिहिलं नाही, कारण बघत होतो, तू आपणहून लिहितेस का. परीक्षा घेतली म्हण. माझा धंदाच तो. तू लिहिलंस, पण १० जुलै समोर नसता तर लिहिलं असतंस का? या प्रश्नाचं उत्तर मला पाठवू नकोस.

बाबांना मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तू सांगायचंस. मला तुझ्या वतीने वाईट वाटून घ्यायचा कंटाळा आलाय. ते आज चार बटणांवर थांबले.

रकाना अजून कोरा आहे, तो भरेपर्यंत १० तारखेचं काम थांबलंय. विभागप्रमुख बाईंनी दोनदा विचारलं. आणि आठ खेळ उरलेत, त्यांना गुण देताना हात अडतो. एवढी वर्षं मी 'अवघड' हा एकच शब्द वापरत आलो. आता प्रत्येक खेळाकडे बघून वाटतं, हा खरंच कठीण आहे की याच्याही वर काही नाही? ज्या माणसाला खेळाच्या आत बघता येत नाही, त्याने ते बाहेरून कसं ओळखायचं?

भाचा


१५ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद. (लिहावेत की नाही यात दोन दिवस गेले.)

तुझं पत्र पोचलं. अक्षर वेडंवाकडं आलंय ते रागाने नाही, मनगटाने. राग वेगळा आहे.

बारीक घड्याळं मी सोडली, त्याचं तू फार मनाला लावून घेतलंयस. त्याचंही वाईट वाटतं, नाही असं नाही. पण खरं दुखलं ते दुसरंच. तुला आठवत नसेल. सहावा महिना चालू होता, तेव्हा मी तुला म्हटलं होतं, "अगं, भावासाठी एक दार जरा उघडं ठेव की." तू म्हणालीस, "दादा, मी कुणासाठीच दार उघडं ठेवत नाही." काय आवडलं होतं मला ते! घरी हरलो तरी दुकानात छाती काढून सांगायचो, माझी बहीण सख्ख्या भावालाही सूट देत नाही, इतकी सरळ आहे. चौतीस वर्षं सांगतोय. माझा हात मंद निघाला, ते मी या एका गोष्टीवर पचवलं होतं. आता हात बरा होता असं तू सांगतेस, आणि ती गोष्ट काढून घेतेस. हिशोब जुळत नाही.

लगेच येऊ नकोस. फोनही नको. मी बोलावीन.

पोराने काल दार जास्त वेळ उघडं राहील असं करून मला खेळायला बसवलं. डाव्या हाताने खेळलो. बारा उतरवले. निळं बघून आलो. तिथे काही नाही, हे डोळ्यांनी बघितलं ते बरं झालं.

बॉल दाबतोय रोज. तुझ्यासाठी नाही. रागात बॉल चांगला दाबला जातो. बटणं नऊवर आहेत.

दादा


२४ जुलै

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

दादाने बोलावलेले नाही. मी वाट पाहते आहे, आणि ती पाहावी लागणे रास्त आहे.

विभागप्रमुख बाईंना मी स्वतः लिहिले. खेळ संचात राहील, सहा मजल्यांचा. नाव जुनेच, पण सुरुवातीच्या पडद्यावर माझा मजकूर येईल: हा खेळ दहा मजल्यांचा म्हणून विकला गेला, तो सहाच मजल्यांचा होता, सातवा मजला जिंकता येणार नाही असा मी मुद्दाम केला होता, ज्यांनी मला पत्रे लिहिली, त्यांचा वेग कमी नव्हता. त्या परिचारिकेच्या नजरेस हे पडेल की नाही, सांगता येत नाही. बाईंनी विचारले, थोडे सौम्य लिहिता येईल का? मी नाही म्हटले.

तुझा प्रश्न उरला. खेळाच्या आत न बघता, नुसते खेळून, कठीण आणि खोटे यांतला फरक कसा ओळखायचा? मी यावर दोन आठवडे विचार केला. जुन्या किंवा नव्या मापाचा इथे उपयोग नाही, कारण खोटेपणा दोन्ही काळांत सारखाच असतो. पण एक साधी कसोटी आहे. तिला कागद आणि पेन्सिल एवढेच लागते, आणि ती कोणालाही करता येईल.

तुला ज्याच्यावर राग येतो असा कोणताही खेळ घे. शेजारी कागद ठेव. हरलास की लगेच पुन्हा सुरू करू नकोस. आधी एक ओळ लिही: पुढच्या वेळी मी काय वेगळे करीन. 'नीट खेळीन' किंवा 'चपळ होईन' हे चालणार नाही. 'उडी खड्ड्याच्या काठावरून मारीन', 'डावीकडच्या पहारेकऱ्याला आधी जाऊ देईन', असे ठोस हवे. मग तेच कर. पुन्हा हरलास, तर पुन्हा एक ओळ. असे तीनदा.

आता तीन ओळी वाच. तिन्ही वेगळ्या असतील, तर खेळ कितीही कठीण असो, तो तुला काहीतरी शिकवतो आहे; त्याला पूर्ण गुण दे आणि अजून एक डाव खेळ. तीनदा एकच ओळ आली असेल, तर थांब. दोष टीव्हीत, हरवलेल्या पुस्तिकेत किंवा थकलेल्या बोटांत असू शकतो, तो आधी शोध. आणि तीनदा पेन्सिल हातात धरून काहीच लिहिता आले नाही, तर खेळ बंद कर. तो कोरा कागद मात्र फेकू नकोस. त्यावर स्वतःचे नाव घालू नकोस. ज्याने खेळ केला, त्याचे घाल.

आत्या